स्विंगमध्ये नवा रकाना दिसेना: रिपेंट की रिव्हॅलिडेट?

पंचवटीतल्या एका द्राक्ष व्यापाऱ्यासाठी मी जावा स्विंगमध्ये (जावातलं खिडक्या, बटणं, रकाने बनवायचं साहित्य) वजनपावतीचा प्रोग्राम लिहिला. ‘ओळ वाढवा’ दाबलं की नवा रकाना दिसायचाच नाही, पण खिडकी कोपऱ्यातून ओढून जरा मोठी केली की लगेच हजर! दोन दिवस मी जागोजागी रिपेंट() लिहीत बसलो. उपयोग शून्य.

कारण रिपेंट() फक्त ‘आहे त्या जागेत पुन्हा रंगव’ एवढंच सांगतं. नव्या रकान्याला अजून जागाच मिळालेली नसते. त्याची रुंदी-उंची शून्य, मग रंगवणार काय? जागा वाटतो तो लेआउट मॅनेजर, आणि त्याला पुन्हा कामाला लावतं रिव्हॅलिडेट(). खिडकी ओढल्यावर नेमकं हेच आपोआप घडत होतं.

मग रिपेंट() कधी? स्वतः काढलेल्या आलेखाचा रंग किंवा आकडा बदलला, मापं तीच राहिली, तर तेवढं पुरतं. रकाना काढून टाकताना मात्र आधी रिव्हॅलिडेट(), लगेच रिपेंट(), असे दोन्ही लिहा. नाहीतर जुन्या रकान्याची सावली पडद्यावर राहू शकते. जेलेबलचा (पडद्यावरच्या मजकुराच्या पाटीचा) मजकूर बदलताना दोन्हींची गरज नाही, सेटटेक्स्ट() ते स्वतःच करतं.

एक कळकळीची सूचना: वजनकाट्याचा आकडा वेगळ्या थ्रेडवरून (प्रोग्राममध्ये सोबतच चालणाऱ्या दुसऱ्या कामाच्या धाग्यावरून) येत असेल, तर पडद्यावरचा बदल इन्व्होकलेटर() मधूनच करा, ते हा बदल स्विंगच्या स्वतःच्या थ्रेडकडे सोपवतं. स्विंगचे घटक थ्रेड-सुरक्षित नाहीत, म्हणजे अनेक थ्रेडांनी एकदम हात लावला तर बिघडू शकतात. तिथे चूक असेल तर रिपेंट() आणि रिव्हॅलिडेट() यांपैकी कुणाचाच भरवसा नाही.