‘ब्रीडिंग मिक्स’च्या पोत्यात रंगवलेले बियाणे : पुण्यातील कबुतरपालकांनी सावध राहावे

ज्यांच्या ढाबळीत (कबुतरांच्या खुराड्यात) सध्या जोड्या अंड्यांवर बसल्या आहेत आणि ज्यांनी ‘ब्रीडिंग मिक्स’ या नावाचा, पिल्ले वाढवण्याच्या काळासाठीचा तयार दाणा पोत्याने मागवला आहे, त्यांनी आजचा दाणा टाकण्यापूर्वी मूठभर दाणे पांढऱ्या वाडग्यात कोमट पाण्यात भिजवून पाहावेत. पाण्याला गुलाबी, लाल किंवा हिरवट छटा आली, तर तो दाणा पक्ष्यांसमोरून तत्काळ उचलावा, कारण तो बुरशीनाशक लावून रंगवलेले पेरणीचे बियाणे असू शकतो. माझे २०,१०० रुपये गेले, ११ पिल्ले गेली आणि दोन उत्तम माद्या गेल्या. विकणारा मात्र पुण्यातील पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत तोच माल आजही विकत आहे.

मी स्वस्ताईच्या मोहाने गेलो नव्हतो, हे आधीच स्पष्ट करतो, कारण मला भेटलेल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला. माझ्याकडे होमर जातीच्या (दुरून सोडली तरी घरी परतणाऱ्या) कबुतरांच्या २६ जोड्या आहेत. एरवी ज्वारी, बाजरी, गहू आणि मका यांच्या मिसळीवर पक्षी उत्तम राहतात. परंतु ज्वारी-मक्यात प्रथिने साधारण नऊ-दहा टक्केच असतात आणि पिल्ले वाढवणाऱ्या जोडीला पंधरा-सोळा टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात, म्हणून त्या काळात वाटाणा, मूग, मसूर यांचे प्रमाण वाढवावे लागते. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू पहिले काही दिवस दाणा खातच नाही. नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातील पिशवीत तयार होणाऱ्या दुधासारख्या घट्ट द्रव्यावर ते जगते, आणि नंतर त्यात भिजून मऊ झालेले दाणे हळूहळू मिसळू लागतात. म्हणजे आईबापांनी जे खाल्ले, तेच पिल्लाच्या पोटात जाते. हे जाणूनच मी किलोमागे ६४ रुपये मोजायला तयार झालो.

नमुन्याचा पाच किलो दाणा ३४० रुपयांना आला आणि तो निर्दोष होता : हिरवा व पांढरा वाटाणा, मूग, थोडी करडई, बारीक मका. त्यावर ५० किलोची सहा पोती मागवली. दाण्याचे १९,२०० आणि टेम्पोचे ९०० रुपये. त्यांपैकी १२,००० रुपये आगाऊ मोबाइलवरून पाठवले आणि ८,१०० रुपये पोती उतरवताना रोख दिले. पावती मागितली, तेव्हा “दादा, दुकानात आलात की देतो” असे उत्तर मिळाले. ज्याला पावती द्यायची नाही, त्याला आगाऊ एक रुपयाही देऊ नका.

आता त्या क्षणाविषयी, ज्याने माझी झोप उडवली आहे. पहिल्या पोत्याच्या वरच्या थरात नमुन्यासारखाच माल होता. निम्म्याखाली मका आणि बाजरीच उरली. कबुतरे दाणा टिपता टिपता पाण्याच्या भांड्यात काही दाणे पाडतात, आणि एका सकाळी ते पाणी फिकट गुलाबी झालेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. भांडे माझ्या हातात होते. मी लगेच फोन केला. “दादा, जीवनसत्त्वाचा लेप आहे, बिटाचा रंग आहे, पिल्लांना मानवतो,” असे त्याने न अडखळता सांगितले. कबुतरांसाठी मिळणारी खनिजांची खडी लालसरच असते आणि तिचाही रंग पाण्याला लागतो. त्यामुळे त्याचे म्हणणे खोटे वाटावे असे काही नव्हते, आणि माझ्या जागी वीस वर्षे कबुतरे पाळणारा माणूसही फसला असता. तरीही ते भांडे आठवले की संताप अनावर होतो, कारण त्यानंतरही तोच दाणा माझ्याच हाताने ढाबळीत पडत राहिला.

पुढे मऊ कवचाची अंडी येऊ लागली. पिल्लांना पायांवर भार घेता येईना, आणि दोन माद्या मान टाकून बसल्या त्या उठल्याच नाहीत. पशुवैद्यांनी दाण्याबद्दल विचारले आणि मक्याच्या टोकाशी, जिथे दाणा कणसाला चिकटलेला असतो तिथे, अडकून राहिलेला गुलाबी रंग मला दाखवला. खासगी प्रयोगशाळेत ३,८०० रुपये भरून तपासणी केली, तेव्हा त्यात थायरम हे बुरशीनाशक आढळले. कोंबड्यांमध्येही थायरममुळे मऊ कवचाची अंडी आणि पायांच्या हाडांची विकृती होते. मुदत संपलेले, पेरणीसाठी बुरशीनाशक लावलेले बियाणे धुऊन चाऱ्यात मिसळण्याचा हा धंदा आहे. अशा बियाण्याच्या पिशवीवर ते अन्न, पशुखाद्य किंवा तेलासाठी वापरू नये अशी सूचना छापलेली असते आणि ते ओळखू यावे म्हणूनच त्याला रंग दिलेला असतो.

यानंतर सरकारी कार्यालयांचा अनुभव आला, आणि तो फसवणुकीहून अधिक चीड आणणारा होता. पोलीस ठाण्यात “हा दिवाणी मामला आहे, अहो, पक्ष्यांच्या दाण्यासाठी गुन्हा कसला नोंदवायचा” असे सांगण्यात आले. अन्नसुरक्षेच्या कार्यालयाने २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यातील ‘अन्न’ या शब्दाची व्याख्या दाखवली. त्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. कृषी खात्यात म्हणाले, की माल बियाणे म्हणून विकलेला नाही, तेव्हा बियाण्यांचा कायदा लागू होत नाही. म्हणजे जो माल विष लावून बियाणे म्हणून तयार झाला आणि खाद्य म्हणून विकला गेला, तो यांच्या लेखी बियाणेही नाही आणि खाद्यही नाही! पोती प्रत्येकी तीन-चार किलोंनी कमी भरली होती. वजनमापाच्या कार्यालयाने पावती मागितली. एका सरकारी प्रयोगशाळेने मेलेले पिल्लू परत पाठवले, कारण मी ते गोठवून नेले होते. मृत पक्षी गोठवायचा नसतो, बर्फासोबत थंड ठेवून लगेच न्यायचा असतो, हे फोनवर चौकशी केली तेव्हा कोणीही सांगितले नव्हते. सर्वांत वाईट उत्तर एका अधिकाऱ्याचे होते : “कबुतरांना दाणा टाकायला बंदी आहे ना?” २०२५ साली मुंबईतील कबुतरखान्यांवरून वाद झाल्यापासून रस्त्यावर दाणे उधळणे आणि घरच्या ढाबळीत पक्षी पाळणे यांतील फरकही आम्हालाच समजावून द्यावा लागतो. मी तो समजावला. त्यांनी घड्याळाकडे पाहिले.

आता मी वाटाणा, मूग आणि मसूर माणसांच्या किराणा दुकानातून सुटे घेतो आणि मिसळ घरी करतो. पोते घ्यायचेच असेल, तर ते तळातून उसवून पाहावे. मका दाताखाली कडक वाजला पाहिजे. ओलसर किंवा कुबट वासाचा मका पिल्लांच्या काळात अजिबात नको, कारण त्यातील बुरशीचे विष यकृत खराब करते.

जिल्हा ग्राहक आयोगात मी तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही. समोरचा पक्ष तुम्हाला व्यापारी ठरवू पाहील, म्हणून पक्षी छंद म्हणून पाळता हे दाखवणारे पुरावे जवळ ठेवा. ज्यांच्याकडे असली पोती आहेत, त्यांनी तळातील किलोभर दाणा दोन साक्षीदारांसमोर सीलबंद करावा आणि पैसे पाठवल्याची नोंद जपावी. उरलेला दाणा उघड्यावर टाकू नये, आणि कोणी गोठ्यासाठी मागितला तरी देऊ नये.