सुलकाटा कासवाचं कुंपण: जाळी की सिमेंटचे ठोकळे?

ॲरिझोनात परसात सुलकाटा पाळणारे बरेच जण आधी जाळीकडे वळतात. स्वस्त आणि झटपट. पण पलीकडचं दिसलं की कासव तिथेच जाणार! दिवसभर जाळी ढकलत बसतं, नाक सोलवटून घेतं. सहाराच्या दक्षिण कडेवरचा हा प्राणी. मोठा नर ४५ किलोंच्याही पुढे जातो. त्याच्यापुढे जाळीचे खांब किती टिकणार?

ठोकळ्यांची भिंत महाग, कष्टाची. मात्र आरपार दिसत नसल्याने कासव तिचा नाद सोडतं. दोन फूट उंची पुरते. खरी मेख जमिनीखाली. सुलकाटा खोल बिळं खणतं, म्हणून एक-दोन थर मातीत गाडायलाच हवेत. ठोकळे उन्हात तापतात, तेव्हा आत सावली आणि चिखलाचा खड्डा ठेवावा.

माझं मत ठोकळ्यांनाच. पिल्लांपुरती जाळी चालेल, पण खालून फळी लावून आणि वरून झाकण घालून, कारण पक्षी उचलून नेतात.

(भारतात स्टार कासवासाठी असा बेत आखू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरी पाळणं गुन्हा आहे.)