रोडपेक्षा खाली असलेल्या खोलीत संडास-बाथरूम : प्लंबर काकांच्या कामाचा रिव्ह्यू

दारव्हा तालुक्यातले प्लंबर काका आहेत, नाव टाकत नाही कारण त्यांनीच नको म्हटलं, आधीच कामं उरकत नाहीत म्हणे. पण आपल्याकडे जुन्या घरात संडास-बाथरूम काढायचं म्हटलं की लोकं डायरेक्ट मिस्त्रीच्या हातात सब्बल देतात अन् तिथंच सारं बिघडते, म्हणून लिहून ठेवतो.

आमचं घर मातीच्या भिंतीचं, अन् गावात सिमेंट रोडवर रोड चढत गेले, त्यामुळं मागची खोली आता समोरच्या नालीपेक्षाही दोनेक फूट खाली आहे, तळघरच म्हणा ना. बाबांचे गुडघे गेले, रात्री आवारातल्या संडासात जाणं होत नाही, तर त्याच खोलीत सोय करायची होती. एकानं सांगितलं पाईप समोरच्या नालीत सोडून द्या, एक दुकानवाला म्हणे खाली टाकं करा अन् पंप बसवा. काकांनी दोन्ही ऐकून घेतलं अन् म्हणाले, "संडासचं पाणी उघड्या नालीत सोडतच नाही मी. अन् पावसात नाली भरली का थेच पाणी उलटं घरात येईन. लाईट गेली का पंप काय करन? आधी लेव्हल पाहू द्या."

फोडायच्या आधी पाहणं, ह्याच गोष्टीचे मी त्यांना पैकीच्या पैकी मार्क देतो. पारदर्शक नळीत पाणी भरून खोलीपासून मागच्या सेप्टिक टाकीच्या तोंडापर्यंत लेव्हल काढली, भिंतीवर गेरूनं खुणा केल्या. नुसत्या ह्या पाहणीचे ५०० रुपये घेतात, काही लोकांना ते फुकटचे वाटतात, मला नाही वाटले. आमचं आवार मागं उतरत जाते, टाकी वीसेक फुटावर. ११० एमएमच्या पाईपला चाळीस फुटाला एक फूट उतार धरला तर वीस फुटाला अर्धा फूट लागतो, अन् पाईप फरशीखालून नेला असता तर तेवढा उतार उरतच नव्हता. म्हणून एस ट्रॅपचा कमोड घेऊ नका, पी ट्रॅपचा घ्या म्हणाले (ट्रॅप म्हणजे पाणी अडून राहते ते वाकडं वळण), एसचं तोंड खाली फरशीत जाते, पीचं मागं भिंतीत फरशीच्या वर निघते. नहाणीचा कोपरा तेवढा खोदला, बाकी भिंतीला भोक पाडलं, बस. नहाणीचं पाणी ७५ एमएमच्या वेगळ्या पाईपनं गली ट्रॅपमधून (बाहेरचा पाणी अडवणारा ट्रॅप) शोषखड्ड्यात सोडलं, आंघोळीचं एवढं पाणी सेप्टिक टाकीत गेलं तर मैल्याला खाली बसायला वेळच भेटत नाही.

आता एअर पाईप. आपल्याकडे ह्याच्यावर सगळ्यात आधी काट मारतात, दोन पाईपचे पैसे वाचले म्हणून. पण फ्लशचं पाणी पाईप भरून खाली धावते तेव्हा मागून हवा ओढते, हवा नाही भेटली तर ट्रॅपमधलं पाणीच ओढून नेते. नहाणी ट्रॅपमध्ये जे ५० एमएम पाणी उभं असते ना, वास थांबवणारं तेवढंच आहे, बाकी काही नाही. कुठं फ्लश केल्यावर गुडगुड आवाज येत असंल तर समजून जा. काकांनी कमोडच्या मागंच वाय (तीन तोंडाचा जोड) टाकून पाईप सरळ टिनाच्या वर नेला. टाकीचा जुना गॅस पाईप खिडकीच्या उंचीवर कापलेला होता, तोही वाढवला, कारण टाकी घरापासून १५ मीटरच्या आत असली तर तो पाईप घराच्या माथ्यापेक्षा २ मीटर वर पाहिजे. अन् हो, मे महिन्यात घर बंद करून गेलात तर ट्रॅपमधलं पाणी वाळते, तिथं कोणताच पाईप कामी येत नाही, आल्यावर मगभर पाणी टाका.

मालाच्या बाबतीत माणूस कडक आहे. मैल्याच्या लाईनला एसडब्ल्यूआरचा (मैला, सांडपाणी अन् पावसाच्या पाण्याचा पीव्हीसी पाईप) टाईप 'बी'च, टाईप ए पातळ असते, ते फक्त हवेच्या अन् पावसाच्या पाण्याच्या पाईपला. काटकोनी एल्बो नाही, ४५ अंशाचे दोन बेंड, अन् वळणावर साफ करायला दाराचा बेंड. आमची काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, जॉईंट सरकतात, म्हणून सगळीकडे रिंगवाले जॉईंट, पाईप पूर्ण आत घालून परत १० एमएम मागं ओढायचा, अन् पाईपच्या खाली-वर चुरी (दगडाचा बारीक चुरा). बुजवायच्या आधी पाईपच्या शेवटच्या तोंडात कापडाचा बोळा ठोसून लाईन पाण्यानं भरून ठेवली, एक जॉईंट पाझरत होता तो तिथंच सापडला.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. कापूस वेचणीत त्यांचा हेल्पर गायब होते अन् काम लोंबते. सामान त्यांच्या ओळखीच्याच दुकानातून घ्या म्हणतात, यवतमाळला तेच स्वस्त भेटलं असतं. भिंतीचं भोक बुजवणं आपल्याकडं नाही म्हणे, ते दुसऱ्याकडून करून घ्या लागलं. अन् दाराचा बेंड मागच्या भिंतीला अशा जागी काढला का गाडी लावली की उघडताच येत नाही.

पाच पैकी चार. वरच्या पाईपची मच्छराची जाळी अजून बाकी आहे, पोळा झाला का येतो म्हणाले होते, दिवाळी आली, तर सध्या मीच जुन्या मच्छरदाणीचा तुकडा तारेनं बांधून ठेवला आहे.