माझीच खेळी मला परत आली

1994 सालची गोष्ट. मी तेव्हा सांगलीत राहून टपालाने बुद्धिबळ खेळायचो. पोस्टकार्डावर खेळी चार आकड्यांत लिहायची: पहिले दोन मोहरं निघालं त्या घराचे, पुढचे दोन पोचलं त्या घराचे. राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, म्हणजे 5254. एकेक डाव वर्षभर चालायचा.

एका अनोळखी गृहस्थांचं पत्र आलं. ‘मी नवशिका, तुम्ही राज्य स्पर्धा खेळलेले. तुम्ही जिंकलात तर मी शंभर रुपये देईन. बरोबरी झाली किंवा मी जिंकलो तर तुम्ही दोनशे द्या.’ समोर नवशिका असताना ही अट मला रास्तच वाटली.

पहिल्या डावात काळी मोहरी माझी. डाव बरोबरीत सुटला. मी दोनशेची मनिऑर्डर केली, वर कौतुकाचं पत्रही लिहिलं.

खरं तर तेव्हाच खटकायला हवं होतं. उत्तर कायम दुप्पट उशिरा यायचं. शिवाय टपालात वेळ वाचवायला आम्ही जर-तरच्या खेळ्या देतो: ‘तुम्ही घोडा मारलात, तर मी प्याद्याने मारतो.’ या माणसाने अशी एकही खेळी कधी दिली नाही. देणार कुठून? पुढे काय होणार, हे त्यालाच ठाऊक नसायचं. डाव संपल्यावर एखाद्या खेळीमागचा विचार विचारला, तर त्यावरही गप्प.

दुसऱ्या डावात पांढरी माझ्याकडे. मी कोपऱ्यातला हत्ती वजिराच्या घरात आणला, 1141. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. पत्ता माझा, पण मायना नागपूरच्या एका खेळाडूच्या नावाचा आणि खाली खेळी 1141!

नागपूरचे ते गृहस्थ स्पर्धांमुळे ओळखीचे होते. त्यांना लगेच लिहिलं. त्यांनी दोन्ही डावांची नोंद पाठवली; खेळीन् खेळी तीच. आम्ही दोघं एकमेकांशीच खेळत होतो, तो मधला माणूस फक्त कार्डं उतरवून पुढे धाडत होता. आमच्यातलं कुणी जिंकलं, तर त्या मधल्या माणसाचे शंभर जाणार, हरलेल्याकडून दोनशे येणार. बरोबरी झाली, तर दोन्हीकडून दोनशे. तसे ते त्याने घेतलेही होते. आमच्या पत्रांना उत्तर आलं नाही, पैसेही नाहीत.

आज मोबाइलवर हेच काम काही सेकंदांत होतं, आणि दुसरा खेळाडू नसला तरी संगणक आहेच. म्हणून अनोळखी माणूस स्वतःला कच्चा म्हणवून पैज लावत असेल, तर पैशांचा डाव मांडूच नका.

अर्धा राहिलेला डाव आम्ही दोघांनी थेट कार्डांवर पुरा केला. नागपूरकर जिंकले.