अ‍ॅनिमे जेएस : देवनागरी आणि कन्नड पानांच्या कसोटीवर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातील व्यापाऱ्यांसाठी वेबपाने तयार करणाऱ्याला एकच मजकूर बहुधा तीन लिप्यांत मांडावा लागतो. मराठी गिऱ्हाइकासाठी देवनागरी, कन्नड गिऱ्हाइकासाठी कन्नड आणि बाहेरगावच्यांसाठी रोमन. अशा पानांवरील घटकांना हालचाल देण्याच्या कामी ज्युलियन गार्निए यांनी लिहिलेली अ‍ॅनिमे जेएस ही छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी (म्हणजे वेबपानात जोडायचा तयार कोडचा संच) कितपत उपयोगी पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. तिचे जे कौतुक वाचायला मिळते त्यातील बरेचसे रास्त आहे. मात्र ते करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रोमन अक्षरे असतात, आणि आपली अडचण नेमकी तेथूनच सुरू होते.

लायब्ररीची मूळ रीत सोपी आहे. पानावरील कोणता घटक हलवायचा, त्याचा कोणता गुणधर्म कुठून कुठपर्यंत न्यायचा आणि त्यासाठी किती मिलिसेकंद द्यायचे, हे एका आज्ञेत सांगितले की मधल्या सगळ्या पायऱ्यांचे गणित ती स्वतः करते. शहापूर-वडगाव भागातील एखाद्या साडी दुकानाच्या पानावर बारा साड्यांची छायाचित्रे एकदम न येता एकामागून एक यावीत असे वाटत असेल, तर प्रत्येकासाठी वेगळा विलंब लिहीत बसण्याची गरज नाही. ‘स्टॅगर’ या सोयीला शंभर मिलिसेकंदांचे अंतर सांगितले की काम झाले. ही एकच सोय लायब्ररी वापरण्यास पुरेसे कारण ठरावी, असे माझे मत आहे.

२०२५ च्या एप्रिलमध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीने मांडणी बरीच बदलली. पूर्वी सारे काही ‘अ‍ॅनिमे’ या एकाच फंक्शनमधून चालत असे. आता अ‍ॅनिमेशन, टाइमलाइन, स्क्रोल, ओढता येणारे घटक यांचे स्वतंत्र भाग झाले आहेत आणि लागेल तेवढेच पानात घेता येते. या बदलाची किंमतही आहे. गुणधर्मांची नावे बदलल्यामुळे तिसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेले धडे आणि नमुने, जे शोध घेताना आजही भरपूर सापडतात, ते चौथ्या आवृत्तीत जसेच्या तसे चालत नाहीत. नवशिक्याने उदाहरण उचलण्यापूर्वी ते कोणत्या आवृत्तीचे आहे हे पाहिले नाही, तर त्याची संध्याकाळ वाया जाण्याची शक्यता दाट आहे.

चौथ्या आवृत्तीत मला विशेष आवडलेला बदल फारसा चर्चेत नाही. काहीच न सांगितल्यास घटकाने कोणत्या लयीत थांबावे, याचा तिसऱ्या आवृत्तीतील ठरीव पर्याय लवचिक होता. वस्तू मुक्कामी पोहोचून मागेपुढे हेलकावे खात असे. कुंदा या मिठाईचा किलोचा भाव रबरी चेंडूसारखा नाचत स्थिर व्हावा, ही गोष्ट लहान मुलांच्या खेळात शोभेल. दुकानाच्या पानावर ती उथळ दिसते. आता ठरीव लय शेवटाकडे सौम्यपणे मंदावणारी आहे, आणि व्यावसायिक पानाला तीच साजते.

आता लिपीचा प्रश्न. मथळ्यातील अक्षरे एकेक करून उगवावीत, या परिणामाची मागणी ग्राहक हटकून करतात, कारण मोठ्या कंपन्यांच्या इंग्रजी पानांवर त्यांनी तो पाहिलेला असतो. त्यासाठी प्रत्येक अक्षराभोवती स्वतंत्र वेष्टन, म्हणजे ते सुटे हलवता यावे अशी कोडची चौकट, घालावे लागते. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत हे काम लायब्ररी करत नसे, म्हणून रिकाम्या जागा वगळून प्रत्येक चिन्हाला वेष्टन घालणारी एक ओळीची कृती सर्वत्र रूढ झाली. रोमनमध्ये ती बिनतक्रार चालते. पण ‘निपाणी’ हे तीन अक्षरांचे नाव संगणकाच्या लेखी सहा चिन्हांचे आहे : न, ऱ्हस्व वेलांटी, प, काना, ण आणि दीर्घ वेलांटी. या कृतीने वेलांटी व्यंजनापासून तुटते, ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटून एकटीच पडद्यावर येते, आणि न च्या आधी दिसायची ती त्याच्या नंतर दिसते. आपल्या गावाचे नाव असे विस्कटलेले पाहून कोणताही दुकानदार बिल चुकते करायला राजी होणार नाही.

चौथ्या आवृत्तीच्या पुढच्या सुधारणांत मजकूर तोडण्याची सोय लायब्ररीतच आली. ब्राउझरमध्ये ‘इंटल सेगमेंटर’ हे मजकुराची अक्षरे-शब्द ओळखणारे अंगभूत साधन उपलब्ध असल्यास ती त्याचा आधार घेते, त्यामुळे काना-मात्रा-वेलांट्या आपापल्या व्यंजनाजवळ राहतात. निपाणी आणि खानापूर येथे सुरक्षित सुटतात. चिक्कोडी मात्र नाही, निदान सर्वत्र नाही. जोडाक्षर अखंड मानावे, हा नियम युनिकोडने (संगणकावरील लिप्यांच्या जागतिक मानकाने) २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत आणला. त्याआधीच्या नियमांवर चालणारा ब्राउझर ‘चिक्कोडी’चे चि, क्, को, डी असे चार तुकडे करतो आणि जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेला क उभा राहतो. त्याहून महत्त्वाची बाब अशी की त्या नियमात देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिप्यांचा समावेश झाला, कन्नडचा झाला नाही. कन्नडमध्ये जोडाक्षराचे दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली बसते. तुकडे झाले की ते खालून निघून शेजारी येऊन पूर्ण आकारात बसते. म्हणजे ज्या पानावर ‘चिक्कोडी’ मराठीत नीट उमटले, त्याच पानाच्या कन्नड बाजूला ते मोडलेले असू शकते, आणि मराठी बाजू तपासून समाधान मानणाऱ्याच्या ते लक्षातही येणार नाही.

यात शिरोरेषेचीही भर पडते. अक्षर वरखाली सरकवायचे, तर त्याचे वेष्टन साध्या ओळीतील घटक म्हणून चालत नाही, त्याला स्वतंत्र ठोकळ्याचे रूप द्यावे लागते. तसे केले की शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकसंध राहत नाहीत आणि काही पडद्यांवर त्यांत केसाएवढ्या फटी दिसतात. हा दोष या लायब्ररीचा म्हणता येणार नाही, कारण अक्षरे सुटी करणाऱ्या कोणत्याही साधनात तो उद्भवेल.

म्हणून दोन्ही लिप्यांच्या पानांवर शब्द हेच सर्वांत लहान एकक धरावे, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. लायब्ररीच्या त्याच सोयीने मजकूर शब्दांत किंवा ओळींतही तोडता येतो. सत्तर-ऐंशी मिलिसेकंदांच्या अंतराने शब्द किंचित खालून वर येत स्पष्ट होत गेले, की मथळा देखणा दिसतो, शिरोरेषा अखंड राहते आणि कन्नड बाजूची चिंता उरत नाही. अक्षरांचा परिणाम हवाच असेल, तर तो रोमन अक्षरांतील नाममुद्रेपुरता ठेवावा.

वजनाबाबत लायब्ररीचा दावा खरा आहे, पण तो तारतम्याने वाचावा. जावास्क्रिप्टवर चालणारे तिचे मुख्य अ‍ॅनिमेशन सुमारे १० किलोबाइटचे आहे आणि ब्राउझरच्या वेब अ‍ॅनिमेशन्स एपीआय या अंगभूत हालचाल-सोयीवर बेतलेला पर्याय सुमारे ३ किलोबाइटचा. जांबोटी-कणकुंबीकडच्या घाटात, जिथे मोबाइलचा सिग्नल येतो आणि जातो, तिथे सात किलोबाइट वाचवणे चांगलेच. पण त्याच पानावर दोन-तीन मेगाबाइटची छायाचित्रे आकार कमी न करता टाकलेली असतील, तर ही बचत शून्याइतकीच. छोट्या पर्यायाचा खरा लाभ दुसरीकडे आहे. पारदर्शकता आणि स्थानांतर यांची हालचाल ब्राउझर मुख्य कामाच्या रांगेबाहेर हाताळू शकतो, त्यामुळे स्वस्त फोनवर पान दुसऱ्या कामात गुंतलेले असतानाही ती अडखळत नाही. रुंदी, उंची किंवा वरून-डावीकडून अंतर बदलायला घेतले, तर मात्र दर वेळी मांडणी नव्याने मोजावी लागते आणि कोणतीही लायब्ररी तिथे जादू करू शकत नाही. आकडा शून्यापासून वाढत जाताना दाखवायचा असेल, तर मुख्य पर्यायच घ्यावा लागतो.

रेषाचित्रांसाठीची सोय उत्तम आहे. उद्यमबागेतील एखाद्या फाउंड्रीच्या पानावर सुट्या भागाचा आराखडा रेषेरेषेने उमटत जाणे केवळ सजावटीपुरते राहत नाही. भागाची घडण पाहणाऱ्याला त्यातून कळते. एसव्हीजी स्वरूपातील, म्हणजे रेषांच्या वर्णनाने साठवलेला, आराखडा असेल तर हे मोजक्या ओळींत साधते, आणि वाचक पान सरकवेल तसे ते पुढे जावे असेही जोडता येते.

दोन खबरदाऱ्या आवश्यक आहेत. मजकूर आधी अदृश्य ठेवून नंतर प्रकट करण्याची पद्धत वापरताना तो अदृश्य करण्याचे काम सीएसएसकडे (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेकडे) न देता त्याच स्क्रिप्टकडे द्यावे. अन्यथा कमकुवत नेटवर्कमध्ये स्क्रिप्ट पोहोचलीच नाही, तर दुकानाचा पत्ता आणि वेळ कोणालाच दिसणार नाही. दुसरे म्हणजे फोनमध्ये हालचाल कमी ठेवण्याचा पर्याय निवडलेल्या वाचकांचा मान राखावा. चक्कर किंवा मळमळीचा त्रास असणाऱ्यांसाठी तो असतो, आणि लायब्ररीच्या ‘स्कोप’ या सोयीत त्याची तपासणी सहज जोडता येते.

परवाना ‘एमआयटी’ या मुक्त प्रकारचा असल्याने ग्राहकाच्या व्यावसायिक पानावर ती विनामूल्य वापरता येते. जीसॅप हे हालचालीचेच अधिक विस्तृत साधनही २०२५ पासून सर्वांसाठी मोफत झाले आहे, मात्र त्याचा परवाना त्याच्या स्वतःच्या अटींचा आहे. मोठ्या, गुंतागुंतीच्या प्रकल्पाला ते घ्यावे. याउलट एका पानाच्या दुकानाला केवळ बटण किंचित उजळायचे असेल, तर दोन्हींची गरज नाही, सीएसएस पुरते. अ‍ॅनिमे जेएस या दोहोंच्या मधल्या कामांसाठी आहे, आणि आपल्या भागातील बहुतेक मागण्या तिथेच येतात. ती सीडीएनवरून (फाइली पुरवणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरवरून) जोडताना ‘नवीनतम’ असे न लिहिता आवृत्तीचा पूर्ण क्रमांक लिहावा, म्हणजे पुढच्या मोठ्या बदलाच्या दिवशी सोपवून झालेली पाने बंद पडणार नाहीत.