बडोद्यात ‘२४० चा’ रॅचेट केबल कटर घेताय? आधी हे वाचा

गणपतीपासून नवरात्रापर्यंत बडोद्यात तात्पुरत्या वीजजोडण्यांची कामं एकदम वाढतात. मांडव, गरब्याची मैदानं, जनरेटरपासून पॅनेलपर्यंत ओढायच्या लाईनी, आणि पाठोपाठ मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत दिवाळीच्या सुट्टीत उरकायची देखभाल. केबल कटर याच घाईत घेतला जातो आणि माणूस फसतोही याच घाईत. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या वायरमन आणि छोट्या कंत्राटदारांकडून एकाच धर्तीची तक्रार ऐकू येते, म्हणून ती तपशिलासकट लिहीत आहोत. दुकानाचं किंवा मालाचं नाव देत नाही, कारण हाच माल वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या खोक्यांत विकला जातो.

प्रकार असा. लाल-पिवळ्या मुठींचा, एका हाताने दाबायचा रॅचेट कटर, म्हणजे दात्यांवर टप्प्याटप्प्याने घट्ट होत जाणारा. पात्यावर ‘२४० चौ. मिमी’ असा ठसठशीत छाप. विक्रेता सांगतो, “दोनशेचाळीसपर्यंत काहीही कापा, आर्मर्डसुद्धा.” काउंटरवर केबलचा एक तुकडा कापूनही दाखवतो, काप स्वच्छ येतो, गिऱ्हाईक पैसे देऊन मोकळं होतं. साइटवर साडेतीन कोर ७० ची (तीन पूर्ण कोर म्हणजे धातूचे वाहक, आणि एक बारीक) आर्मर्ड, म्हणजे पोलादी कवचाची, केबल समोर येते तेव्हा ती जबड्यात शिरतच नाही. दाबून बसवली तर पातं आर्मरपाशी अडतं, जोर लावला की धारेला खाचा पडतात आणि पुढच्या दोन-चार कापांत रॅचेट दातावरून घसरायला लागतं. कटर परत न्यावा, तर विक्रेता खोक्यातलं कार्ड काढून दाखवतो: फक्त तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम, पोलादावर वापरल्यास वॉरंटी नाही. ते कार्ड विकताना सीलबंद खोक्यात होतं. आर्मर्डचं आश्वासन तोंडी होतं. बिलावर फक्त ‘केबल कटर, १ नग’.

म्हणजे कार्ड खरं बोलतं आणि माणूस खोटं, आणि वाद झाला की पुरावा फक्त कार्डाचा उरतो. ही फसवणूक मुख्यतः त्या २४० च्या आकड्यावर उभी आहे, म्हणून आधी तो आकडा नीट समजून घेऊ.

२४० चौ. मिमी हे धातूच्या छेदाचं क्षेत्रफळ आहे. एकाच कोरची २४० ची केबल असेल तर हिशेब सरळ जुळतो. पण आपल्याकडे पॅनेलला येणारी केबल बहुधा साडेतीन कोरची असते आणि तिच्यावर लिहिलेला आकडा एका फेजचा, म्हणजे एका पूर्ण कोरचा असतो. कटरला मात्र सगळे कोर एकदम कापायचे असतात. साडेतीन कोर ७० म्हणजे ७० चे तीन फेज आणि ३५ चा न्यूट्रल (तो बारीक कोर), एकूण २४५ चौ. मिमी. ‘२४० चा’ कटर इथेच संपला. साडेतीन कोर १२० मध्ये न्यूट्रल ७० चा, एकूण ४३०. आणि साडेतीन कोर २४०, जी केबल डोळ्यांसमोर ठेवून गिऱ्हाईक हा कटर घेतं, तिच्यात ७२० अधिक १२०, म्हणजे ८४० चौ. मिमी धातू आहे. कटरच्या क्षमतेच्या साडेतीन पट! विक्रेत्याला हे ठाऊक नसतं असं मानायला आम्ही तयार नाही. दिवसभर केबल विकणाऱ्या माणसाला साडेतीन कोर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

दुसरा आकडा जबड्यात मावणाऱ्या व्यासाचा. चांगला उत्पादक हा आकडा मिलिमीटरमध्ये क्षेत्रफळाच्या शेजारीच देतो. फसव्या मालावर तो बहुधा नसतो. साधारण २५० मिमी लांबीच्या, एका हातात मावणाऱ्या रॅचेट कटरचा जबडा ३२ मिमीच्या आसपास उघडतो. साडेतीन कोर ७० आर्मर्डचा बाहेरचा व्यास बहुतेक कंपन्यांच्या केबलमध्ये त्याच्या पुढे जातो. व्हर्नियर नसेल तर केबलभोवती दोरा एकदा घट्ट गुंडाळा, त्याची लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. दोरा ११० मिमी भरला तर व्यास ३५ मिमी. हे माप खिशात घेऊन दुकानात जा. ‘सत्तरची केबल आहे’ असं नुसतं सांगितलं की पुढचं सगळं विक्रेत्याच्या हातात जातं.

एकच आकडा छापलेला असेल तर तो तांब्याचा की अ‍ॅल्युमिनियमचा, हेही विचारा. तांबं अधिक कठीण असतं, त्यामुळे त्याच कटरची तांब्यावरची मर्यादा कमी असू शकते. एकाच जाड तारेच्या सॉलिड कंडक्टरवर ती बारीक तारांच्या कंडक्टरपेक्षा कमी असते. काउंटरवर कापून दाखवलेला तुकडा बहुधा २५ किंवा ३५ च्या एका कोरचा, अ‍ॅल्युमिनियमचा, बिनआर्मरचा आणि जबड्याच्या आतल्या टोकाशी धरलेला असतो. तिथे तरफ सगळ्यात जास्त मिळते. असा तुकडा कसलाही कटर कापेल.

आता आर्मर. भारतीय मानकांप्रमाणे बनलेल्या ११०० व्होल्टच्या, एकाहून जास्त कोरच्या केबलमध्ये, पीव्हीसी इन्सुलेशनसाठी आयएस १५५४ आणि एक्सएलपीई इन्सुलेशनसाठी आयएस ७०९८, आर्मर जस्तलेपित पोलादाचं असतं: गोल तार किंवा चपटी पट्टी. पट्टी बऱ्याचदा ४ मिमी रुंद आणि फक्त ०.८ मिमी जाड असते. विक्रेता नेमकं हेच दाखवतो, “अहो, एवढीशी तर पट्टी!” पट्टी पातळ आहे हे खरं, पण आहे ती पोलादाची, आणि केबलभोवती अशा कितीतरी पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. केबल कटरची धार मऊ धातूसाठी बारीक कोनात घासलेली असते. दोन पाती कात्रीसारखी एकमेकांवरून सरकतात आणि काप स्वच्छ येतो तो त्या दोन पात्यांमध्ये फट नसल्यामुळे. पट्ट्या दाबाखाली आडव्या वळतात, कडेवर उभ्या राहतात आणि त्या जागेत पाचरीगत शिरतात. धारेवर खाच पडते ती डोळ्यांना दिसते. पाती एकमेकांपासून लोटली जाऊन मधला बोल्ट ताणला जातो, ते दिसत नाही. त्यानंतर तोच कटर साध्या केबलवरही नीट चालत नाही: जाड तारा कापल्या जातात, बारीक तारा फटीत दुमडतात.

दुमडलेलं, चेपलेलं टोक लगमध्ये, म्हणजे टोकाला लावायच्या धातूच्या टोपीत, जात नाही. मग चार-सहा तारा छाटून ते बसवण्याचा मोह होतो. तिथून लग तापायला सुरुवात होते, कारण उरलेल्या तारांतून तेवढाच करंट जातो आणि क्रिंप, म्हणजे लगची दाबून केलेली पकड, सैल बसतो. मांडवातल्या लाकडी फळीवर लावलेल्या तात्पुरत्या पॅनेलमध्ये असा लग असेल तर पुढचं सांगायला नको. वाईट कटरचं खरं नुकसान त्याच्या किमतीपेक्षा इथे जास्त आहे.

आर्मर्ड केबल हाताने कापायची रीत जुनीच आहे. कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना बाइंडिंग वायर घट्ट बांधा. बाहेरचं आवरण गोल चिरून काढा. आर्मरच्या पट्ट्यांवर हॅकसॉने अर्ध्या जाडीपर्यंत गोल खाच घ्या, इंचाला २४ दात असलेलं पातं वापरा, आणि पट्ट्या मागेपुढे वाकवून तोडा. पूर्ण जाडी कापायला गेलात तर करवत आतल्या आवरणात उतरते. मग आतलं आवरण काढून कोर सुटे करा आणि एकेक कोर कटरने कापा. या रीतीत २४० चा एक कोर ‘२४० चा’ कटर खरोखर कापतो, कारण आता आकडा आणि काम जुळलेलं असतं. एकदम पूर्ण केबल कापायचीच असेल तर हॅकसॉ किंवा पोलादी आर्मरसाठी असं स्पष्ट लिहिलेला मोठा रॅचेट अथवा हायड्रॉलिक कटर लागतो. करवतीने कापलेल्या टोकावरचा अ‍ॅल्युमिनियमचा कीस पुसून काढा आणि लग लावण्याआधी प्रत्येक कोरचं टोक कटरने पुन्हा सरळ करा.

ओव्हरहेड तारांबद्दलही हेच सांगून माल खपवला जातो. वीझल आणि रॅबिट या दोन्ही एसीएसआर (पोलादी गाभ्याच्या) तारांत अ‍ॅल्युमिनियमच्या सहा तारांच्या मधोमध पोलादाची एक तार असते, वीझलमध्ये २.५९ मिमीची, रॅबिटमध्ये ३.३५ मिमीची. त्या एका तारेवर धार जाते. खांबाला ताण देणारी स्टे वायर तर पूर्ण पोलादच. त्यासाठी वेगळा कटर लागतो, यात तडजोड नाही.

दुकानात जाताना आपल्याला जी केबल कापायची आहे तिचा वीतभर तुकडा आणि २.५ चौ. मिमीची फ्लेक्सिबल तांब्याची वायर सोबत न्या. २.५ च्या वायरमध्ये ०.३ मिमीच्या ३६ बारीक तारा असतात आणि त्या कटरची सगळी लबाडी उघडी करतात. ती वायर पात्याच्या आतल्या टोकाशी एकदा आणि बाहेरच्या टोकाशी एकदा कापा. दोन्हीकडे छत्तीसच्या छत्तीस तारा सपाट कापल्या गेल्या पाहिजेत. एखादी तार पात्यांमध्ये दुमडून अडकली तर नवाकोरा कटरही आधीच सैल आहे. मग पाती मिटवून उजेडाकडे धरा. जिथे ती एकमेकांवर चढतात तिथून उजेड दिसता कामा नये. हलतं पातं बाजूला ढकलून पाहा, खुळखुळलं तर ठेवून द्या. मधला सांधा लॉकनटच्या बोल्टचा असेल तर सैल झाल्यावर आवळता येतो, रिव्हेटचा असेल तर पुढे काही करता येत नाही.

रॅचेटची परीक्षा रिकाम्या कटरवर होत नाही. आपला तुकडा अर्धा कापा आणि तिथेच थांबून सोडायची कळ दाबा. जबडा उघडलाच पाहिजे. फसव्या मालात रॅचेटचे दात अडवणारी खुंटी पातळ पत्र्याची ठोकून काढलेली असते, ती भाराखाली अडकते किंवा एक दात सोडून उडते. पॅनेलच्या आत अर्ध्या कापलेल्या केबलला लटकलेला कटर सोडवणं किती त्रासाचं असतं ते ज्याने केलंय त्याला विचारा. पात्याचा टणकपणा बघायला धारेपासून जरा आत, एका कोपऱ्यात बारीक कानस एकदा फिरवा. नीट पाणी दिलेल्या पात्यावर ती घसरते किंवा जेमतेम लागते, मऊ पोलादावर लगेच चरचरून कीस काढते. विक्रेता कानस लावू देणार नाही हे शक्य आहे, निदान तांब्याचा जाड तुकडा कापल्यावर धार नखाने चाचपून बघा.

मुठीवरचा ‘१००० व्होल्ट’ हा वेगळाच धोका आहे. जोडत्रिकोणाचं चिन्ह आणि १००० व्होल्ट ही खूण आयईसी ६०९०० या मानकाची आहे: अशी हत्यारं १००० व्होल्ट एसी आणि १५०० व्होल्ट डीसीपर्यंतच्या कामासाठी असतात आणि त्यांची चाचणी १०,००० व्होल्टला होते. त्या खुणेबरोबर उत्पादकाचं नाव किंवा चिन्ह, प्रकार क्रमांक आणि बनवल्याचं वर्ष असावं लागतं. नुसता त्रिकोण छापला आहे आणि वर्षाचा पत्ता नाही, तर ती मूठ साध्या प्लास्टिकची समजा. खरी इन्सुलेटेड मूठ असली तरी चालू मल्टिकोर केबल कापायची नाहीच. पातं दोन फेजमधला दुवा होतं, शॉर्ट तिथेच होतो आणि ठिणगीचा भडका तोंडावर येतो. सप्लाय बंद, टेस्टरने खात्री, अर्थिंग, मग कटर.

पैसे देताना बिलावर लिहून घ्या: ‘साडेतीन कोर ७० चौ. मिमी, अ‍ॅल्युमिनियम, आर्मर्ड केबल कापण्यासाठी’. जी केबल असेल ती. हे लिहायला सांगितलं की खोटं आश्वासन देणारा तिथल्या तिथे मागे सरतो, दुसरी कुठली परीक्षा इतकी लवकर निकाल देत नाही. खोकं काउंटरवरच उघडून कार्ड वाचा. खोक्यावर उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता, आयात मालावर देशाचं नाव, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत नसेल तर तो माल २०११ च्या वेष्टन नियमांतही बसत नाही.

फसवणूक झालीच असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा उपयोगी पडतो. खराब वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे; बिल न देणं हीदेखील. वायरमनने स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेलं हत्यार असेल तर तो ग्राहकच ठरतो. मोठ्या फर्मच्या नावावर घेतलेल्या मालाला हे संरक्षण मिळेलच असं नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. बिल, खोकं, कार्ड, खाच पडलेलं पातं आणि कापलेला केबलचा तुकडा जपून ठेवा. पात्याला धार लावून आणू नका, पुरावा घासला जातो.

दावा करायचा नसेल आणि कटर घरात पडूनच असेल, तर २.५ च्या वायरची परीक्षा त्याच्यावरही करा. तारा सपाट कापल्या जात असतील तर तो बिनआर्मरच्या सुट्या कोरसाठी ठेवा, मुठीवर रंगाने ‘आर्मर नाही’ असं ठळक लिहा आणि हेल्परच्या पिशवीत तो हॅकसॉसोबतच जाईल असं बघा. तारा दुमडत असतील आणि बोल्ट आवळूनही फरक पडत नसेल, तर त्याने लगसाठी टोक कापायचं बंद करा.