डेव्हिसची लाल बस: चालवणारीही मुलंच!

लेकीकडे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला राहून आले. तिथल्या 'युनिट्रान्स'बद्दल लिहायलाच हवं. ही बससेवा विद्यापीठाची विद्यार्थी संघटना आणि शहर मिळून चालवतात. ड्रायव्हर बहुतेक विद्यार्थीच. पहिल्या दिवशी स्टिअरिंगमागे माझ्या लेकीच्याच वयाची पोरगी बघून मी दांडा घट्ट धरून बसले. दोन वळणांत हात सैल झाला. ब्रेक इतका अलगद, की मांडीवरच्या पिशवीतलं एक संत्रंसुद्धा घरंगळलं नाही.

सुरुवात 1968 ची, लंडनहून आणलेल्या दोन जुन्या डबलडेकरवर. या जुन्या गाड्यांत ड्रायव्हर आपल्यासारखा उजवीकडे बसतो, अमेरिकेत! अशी गाडी आली तर वरच्या मजल्यावरच बसा. गुडघे दुखले तरी चालतील.

मार्गांना नंबर नाहीत, अक्षरं आहेत. मी चुकीच्या अक्षरात बसले नि गावाच्या भलत्याच टोकाला उतरले. चूक माझी, चष्मा घरी राहिला होता. बऱ्याच बसेस विद्यापीठाच्या आवारातल्या मेमोरियल युनियन किंवा सायलो या दोन थांब्यांपाशी येऊन मिळतात, तेवढं लक्षात ठेवलं की झालं. पदवीच्या मुलांनी ओळखपत्र दाखवलं की पुरतं, त्यांचे पैसे फीमध्येच घेतलेले असतात. बाकीच्या बहुतेकांना तिकीट. शनिवार-रविवारी फेऱ्या कमी, तेव्हा वेळापत्रक बघूनच निघा. लेक म्हणते, "आई, सायकल शिक." साठीत? मला आपली बसच बरी.